थांबवण्यापुरती गोळी

लिक ब्रँच, केंटकी
६ फेब्रुवारी २००८

प्रिय आर्लिस काका,

फोन केला तर तुम्ही 'काय? काय?' करत बसाल आणि शेवटी तुमच्या लेकीला, ॲनिटाला, माझं बोलणं तुमच्या कानात ओरडून सांगावं लागेल. हे तिच्या कानावर जायला नकोय, म्हणून पत्र. बंदुका उडवून उडवून कान घालवलेत, पण डोळे शाबूत आहेत ना? चष्मा लावा आणि वाचा.

मला पिस्तूल घ्यायचंय. हसू नका. लहानपणी तुम्ही मला कुंपणावरचे डबे उडवायला नेलं होतंत आणि मी पहिल्याच आवाजाला रडत घरी पळाले होते, हे माझ्याही लक्षात आहे. पण आता मी एकटी राहते. आजारी म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला, खाऊ घालायला डोंगरातल्या घराघरांत एकटीच गाडी घेऊन जाते. लोकांना वाटतं, हिच्या पिशवीत दुखण्यावरच्या, नशा चढणाऱ्या गोळ्या असणार. त्या गोळ्यांपायी इथली माणसं काय काय करायला लागली आहेत ते तुम्ही आयडाहोला गेल्यानंतरचं आहे. तुम्हाला आपलं गाव ओळखू यायचं नाही.

शहरातल्या दुकानात जाऊन आले. काउंटरवरच्या माणसानं न विचारता गुलाबी मुठीचं पिस्तूल काढून ठेवलं. म्हणे, "बायकांना हे आवडतं." मी म्हटलं, "मी लिपस्टिक घ्यायला आलेली नाही." मग तो आणि शेजारचं गिऱ्हाईक, नऊ मिलिमीटरची गोळी चांगली की पंचेचाळीसची, यावर असे जुंपले की मी दारातून बाहेर पडले तरी त्यांना पत्ता नव्हता.

तर तुम्हीच सांगा. कपड्यांखाली, कुणाला दिसणार नाही असं बाळगायचं तर कुठल्या गोळीचं घ्यावं? आणि काका, समोरचा थांबेल, पण त्याला फार काही होणार नाही, अशी गोळी असते का? लहानात लहान कुठली?

तुमची,
नेल्डा


ट्विन पाइन्स, आयडाहो
१५ फेब्रुवारी २००८

पोरी नेल्डा,

हसलो नाही. थोडा हसलो, ते लिपस्टिकवर.

दुकानातल्या त्या दोघांचं मनावर घेऊ नकोस. बाप्तिस्मा देताना माणसाला पुरता बुडवायचा की नुसतं पाणी शिंपडायचं, यावरून आपल्याकडचे बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट जसे भांडतात, तसे हे नऊ आणि पंचेचाळीसवरून भांडतात. दोन्हीकडचे शेवटी एकाच स्मशानात जातात.

आता नीट ऐक. पंचेचाळीस माझी लाडकी, पण ते धूड तुझ्या स्वेटरखाली लपायचं नाही आणि तिचा झटकाही तुला सोसायचा नाही. नऊ मिलिमीटर चांगली, झटका बेताचा, काडतुसं भरपूर मावतात. पण त्या पिस्तुलाचा वरचा भाग हातानं जोर लावून मागे ओढावा लागतो. त्याला मनगटात ताकद हवी. तुझ्यासाठी अडतीसचं आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. ओढायचं नाही, अडकायचं नाही, चाप दाबला की काम. कातडी म्यान घे आणि कमरेला लाव. पर्समध्ये ठेवू नकोस. चोर पहिला हात पर्सलाच घालतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. नाही, अशी गोळी नसते. गोळीला गॅसच्या शेगडीसारखं बटण नसतं, की मंद केली आणि मोठी केली. मी शेरीफच्या हाताखाली डेप्युटी असताना एका माणसाला बावीसच्या, म्हणजे सगळ्यात लहान, गोळ्या लागलेल्या पाहिल्या. तो मेव्हण्याला शिव्या देत कोर्टाच्या पायऱ्या चढून वर आला, पाणी प्यायला आणि संध्याकाळी मेला. लहान गोळी कमी मारते असं नाही. ती सावकाश मारते, आणि तोवर समोरचा तुझ्या अंगावर आलेला असतो. 'पायावर मारीन, हातावर मारीन' हे सिनेमात. खरोखरीच्या वेळी हात पानासारखा थरथरतो. मारायची तयारी नसेल तर म्यानातून काढूच नकोस.

तू नाव लिहिलं नाहीस, पण मला कळलं. रँडल पुन्हा घिरट्या घालायला लागलाय ना? नवरा होता तेव्हा जे केलं ते पुरलं नाही वाटतं त्याला. कोल्बीला म्हणावं, आईकडे राहायला ये. चोवीस वर्षांचा तरणाताठा मुलगा घरात दिसला की बापाची हिंमत व्हायची नाही. तो अजून लाकडाच्या गिरणीतच आहे ना? त्याला म्हणावं, आर्लिस आजोबा म्हणतात, मासे तुझी वाट बघतायत.

तुझा काका,
आर्लिस


लिक ब्रँच
२ मार्च २००८

प्रिय काका,

परवान्यासाठीचा आठ तासांचा वर्ग केला. आमच्यात सगळ्यात पुढे बसलेली बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी होती. शिकवणाऱ्यानं विचारलं, "तुम्हाला कुणाची भीती वाटते?" ती म्हणाली, "सगळ्यांची." कुणी हसलं नाही.

अडतीस उडवून पाहिली. झेपली नाही. नऊ मिलिमीटरचं तर मला मागे ओढताच आलं नाही, कारण माझं उजवं मनगट अजून सुजलेलं आहे. मागच्या पायरीवरून घसरले होते. मग मी बावीसचं घेतलं. रागावू नका. हातात धरलं की स्टेपलर धरल्यासारखं वाटतं. स्वेटरखाली कमरेला लावते, डाव्या बाजूला. कुणाच्या लक्षातही येत नाही. मिसेस गिब्सनना अंघोळ घालताना त्यांचा कोपर लागला तर म्हणाल्या, "किती हाडं वर आलीत गं तुझी, जेवत जा."

रँडलबद्दल काय लिहू? राहू द्या.

कोल्बी बरा आहे.

नेल्डा


ट्विन पाइन्स
१० मार्च २००८

नेल्डा,

मी अर्धं आयुष्य डेप्युटी होतो. पायरीवरून घसरलेल्या बायका मी इतक्या पाहिल्यात की पायऱ्यांवर खटला भरायला हवा होता. मनगट सुजलं म्हणजे कुणीतरी ते धरून पिरगळलं. मला नको शिकवूस.

पहिली गोष्ट, कोर्टात जा आणि त्यानं घराजवळ फिरकू नये असा हुकूम आण. दुसरी, ते बावीसचं परत कर. खारी मारायला ठीक आहे, रँडल मारायला नाही. त्या माणसानं ते बघितलं तर तो घाबरणार नाही, हसेल, आणि हसत हसत पुढे येईल. मनगट बरं होईपर्यंत हलकी काडतुसं घालून अडतीस वापर. रोज चाप दाबायचा सराव कर, रिकाम्यानं. यावर वाद नकोय.

तिसरी गोष्ट मी तुला न विचारता केली. कोल्बीला पत्र लिहिलंय, त्याच्या मैत्रिणीच्या ट्रेलरच्या पत्त्यावर. स्पष्ट लिहिलं, 'तुझ्या आईला तुझ्या बापाची भीती आहे. ती डाव्या कमरेला पिस्तूल बाळगते, तेव्हा तिला मागून जाऊन दचकवू नकोस. घरी ये आणि तिच्यापाशी राहा.' आईचं दुखणं मुलाला माहीत असायला नको का? तू सांगणार नाहीस, म्हणून मी सांगितलं. तो चांगला पोरगा आहे. मासा गळाला लागला की आधी त्याची माफी मागायचा.

आर्लिस


लिक ब्रँच
१६ मार्च २००८

काका,

कोल्बीला का लिहिलंत? का लिहिलंत तुम्ही?

चूक तुमची नाही. मी सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता न सांगून काही उपयोग नाही.

रँडल दोन वर्षं झाली ओहायोत आहे. त्याचे गुडघे गेलेत, काठी घेऊन चालतो, ख्रिसमसला कार्ड पाठवतो. मला भीती त्याची नाही. कोल्बीची आहे.

गिरणीत त्याच्या पाठीवर ओंडका आला, एवढं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. डॉक्टरांनी बंद केल्या तेव्हा तो रस्त्यावरून घ्यायला लागला. गिरणीतून तर केव्हाच काढलं. आधी माझी शिलाईची मशीन गेली, मग आईची गोधडी गेली. मग टीव्ही. मी विचारलं की म्हणायचा, "आई, मी शोधून आणतो," आणि खरंच शोधायला निघाल्यासारखा बाहेर पडायचा. जानेवारीत मी मिसेस गिब्सनकडून आले तर तो दारात उभा होता. "पिशवी दे." मी म्हटलं, यात अंग पुसायचे टॉवेल आहेत रे. त्यानं माझं मनगट धरलं. काका, त्याचे डोळे माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या आरपार पिशवीकडे बघत होते. मनगट कडकन वाजलं तेव्हा तो दचकला. टॉवेल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी येऊन अंगणात बसून रडला. आणि तिसऱ्या दिवशी परत आला.

मी शेरीफकडे का गेले नाही म्हणाल, तर गेले होते. तिथं बसलेला म्हणाला, "बाई, तक्रार लिहिली तर आम्ही त्याला आत टाकू. गेल्या वर्षी आत टाकलेला आमचा एक पोरगा कोठडीतच गेला. बघा काय ते." मी उठून आले. दवाखान्यात नाव लावलंय, व्यसन सोडवतात तिथं. बोलावतील तेव्हा.

आता कळलं का, मी लहानात लहान गोळी का विचारत होते? मला त्याला थांबवायचंय, गमवायचं नाही. तुम्ही लिहिलंत, अशी गोळी नसते. पत्र मी दोनदा वाचलं. तरी मी सगळ्यात लहान तीच घेतली. आईनं अडतीस कशी घ्यायची? वर्गात तो माणूस कागदावरच्या पुतळ्याच्या छातीवर बोट ठेवून सांगायचा, "इथं मारा." तो पुतळा कोल्बीसारखाच खांदे पाडून उभा होता.

आता त्याला माहीत झालंय की माझ्या कमरेला विकता येण्यासारखी वस्तू आहे. तुम्ही सांगा, मी काय करू?

नेल्डा


ट्विन पाइन्स
२४ मार्च २००८

नेल्डा, पोरी,

पत्र आत्ता वाचलं, उत्तर आत्ताच टपालात टाकतो.

मी आजवर जे लिहिलं ते सगळं विसर. अडतीस नको, बावीस नको, काही नको. ते पिस्तूल आजच्या आज घराबाहेर काढ. शेजारच्या लव्हडाला दे, पाद्र्याला दे, नदीत टाक. तो आला तर सरळ सांग की नाही राहिलं. दार उघडून बघू दे त्याला. घर रिकामं करून नेलं तरी नेऊ दे.

आणि तू इथं निघून ये. ॲनिटाला मी सगळं सांगितलं, माफ कर. ती म्हणाली, मागची खोली नेल्डाची. अंगावरच्या कपड्यांनिशी ये.

मी बंदुकांबद्दल जे जाणतो त्यात तुझ्या कामाचं काहीच नाही. मला दार अडवणारा रँडल दिसत होता. मला माझा कोल्बी दिसला नाही.

आर्लिस


लिक ब्रँच
८ जून २००८

प्रिय काका,

ॲनिटानं तुम्हाला ओरडून ओरडून काय सांगितलं असेल ते असो. मी माझ्या हातानं लिहिते. तुमचं मार्चमधलं पत्र लव्हडानं मला इस्पितळात आणून दिलं. तोवर होऊन गेलं होतं.

तो दुपारी आला. मी घेवडा शिजवला होता, मक्याचा पाव भाजला होता. म्हणाला, "आई, वास रस्त्यापर्यंत येतोय." बसला, पोटभर जेवला. ताट धुऊन ठेवलं. मला वाटलं, आज बरा आहे. मग हात पुसत पुसत म्हणाला, "ते कुठाय?"

"काय?"

"आई, उगाच नको. आजोबांनी लिहिलंय. डाव्या कमरेला. दचकवू नकोस म्हणालेत. दचकवलं का मी तुला?"

"नाही."

"मग दे. एकदाच. परत काही मागणार नाही. बाबांना तू घाबरतेस असंही लिहिलंय त्यांनी. मी खूप हसलो, आई."

मी भिंतीला टेकले. म्हटलं, "कोल्बी, दवाखान्यात तुझं नाव लावलंय. पुढच्या महिन्यात बोलावतील." तो म्हणाला, "पुढचा महिना! मला आजची दुपार निघत नाही आणि तू महिना सांगतेस." आणि माझा हात धरला. तेच मनगट.

मी डाव्या हातानं काढलं. वर्गात शिकवलं होतं तसं ओरडले, "मागे हो!" त्यानं बघितलं आणि तुम्ही म्हणाला होतात तसाच हसला. "हे? आई, हे तर खारी मारायचं!" आणि पुढे आला. मी पायावर धरलं होतं. शपथ घेऊन सांगते, पायावर धरलं होतं. तो माझ्या हातावर झेपावला आणि आवाज झाला. फळी पडावी एवढाच आवाज.

तो थांबला नाही. माझ्या हातातून ते काढून घेतलं, टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत बसला. शर्ट वर करून बघितलं. बरगडीखाली मटाराएवढं भोक. रक्तही फार नाही. म्हणाला, "काही नाही गं. गांधीलमाशी चावल्यासारखं झालं. रडू नकोस." मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. त्यांना डोंगर चढून यायला वेळ लागतो. त्यानं दूध मागितलं. मी दिलं. आम्ही दोघं टेबलाशी बसून होतो. तो म्हणाला, "बरं झालं असतं, मी गिरणीत त्या दिवशी गेलो नसतो तर." मी म्हटलं, "हो." मग त्यानं खाली बघितलं आणि विचारलं, "आई, माझे बूट कुणी काढले?"

बूट त्याच्या पायातच होते.

डॉक्टर म्हणाले, गोळी मणक्यापाशी जाऊन बसली होती आणि आत रक्त साचत गेलं. मोठी गोळी असती तर आरपार गेली असती किंवा तिथंच संपला असता. लहान होती, म्हणून आत राहिली. कमरेखाली आता काही हलत नाही, कळत नाही.

माझ्यावर खटला नाही. सरकारी वकील म्हणाले, स्वसंरक्षण, स्वच्छ प्रकरण आहे. चर्चमधल्या बायकांनी आठवडाभर जेवण आणून दिलं. जो तो म्हणतो, तू बरोबर केलंस. कुणी एकानं म्हणावं ना, काका, की चुकलीस!

आता तो घरी आहे. मी दुसऱ्यांच्या घरी जे करायची तेच घरी करते. अंघोळ, कूस बदलणं, चादरी. सवयीचं काम आहे. त्याला दुखतं, म्हणून इस्पितळानं त्याच गोळ्या दिल्यात. आता त्या मी देते.

नेल्डा


ट्विन पाइन्स
२० जून २००८

पोरी,

चार कागद फाडले, हा पाचवा.

त्याच्या हातात ते पत्र मी दिलं. आईची काळजी घे म्हणून लिहिलं आणि पिस्तुलाचा पत्ताच दिला त्याला. हे तू कधी म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणतो. तू चुकली नाहीस असंही म्हणणार नाही, चुकलीस असंही नाही. मला ठाऊक नाही. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, कुठली घ्या, कशी धरा, कुठं मारा. मारल्यानंतर काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

इथं मी आठवड्याला एक वर्ग घेत होतो. बंद केला.

डॉक्टर प्रवास करू देत नाहीत, पण ॲनिटा ऑगस्टमध्ये गाडीनं आणेल म्हणते. कोल्बीला विचार, मी आलेलं चालेल का?

आर्लिस


लिक ब्रँच
१४ सप्टेंबर २००८

प्रिय काका,

तुम्ही येऊन गेलात, बरं वाटलं. तुम्ही त्याच्या पलंगाशी बसलात आणि त्यानं तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडून ओरडून बोलावं लागलं, ते त्याला आवडलं. म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी कुणाशी जोरात बोललो, आणि भांडण नव्हतं." तुम्ही गेल्यावर मात्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होता. जेवला नाही. रात्री म्हणाला, "आई, तू पंचेचाळीस का नाही घेतलीस?" मी त्याची चादर सारखी केली. दुसरं काय करणार?

आत्ताच एक गोष्ट झाली, ती तुम्हालाच सांगू शकते.

डोनेटा म्हणून एक बाई आली. ओळखीची नाही, खोऱ्याच्या पलीकडची. शाळेत झाडलोट करते. पायरीवर उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. सारखी गाडीकडे बघत होती. बोटाला पट्टी होती. म्हणाली, "तुम्ही त्याच का, ज्यांनी..." मी म्हटलं, "हो, तीच."

मग हळूच म्हणाली, "माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तुम्ही कुठली घेतली होती? दुकानवाला म्हणतो नऊ मिलिमीटर घ्या. मला एवढी मोठी नकोय. थांबेल एवढंच हवंय."

काका, तुम्ही मला जे लिहिलं होतं ते सगळं मला पाठ आहे. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं की अशी गोळी नसते. सांगायचं होतं, आत ये, बघ, हा माझा मुलगा, तो आहे आणि नाही. सांगायचं होतं, पळून जा, घर सोड. आणि ती म्हणाली असती, 'कुठं जाऊ? तो माझा मुलगा आहे.' हे मला ती म्हणायच्या आधीच ऐकू आलं.

आतून कोल्बीनं हाक मारली, "आई, कोण आलंय?"

तिनं त्याचा आवाज ऐकला. तिचा चेहरा उजळला, काका. खरंच उजळला. म्हणाली, "म्हणजे वाचला तो! आणि आता घरीच असतो? तुमच्यापाशी?"

मी म्हटलं, "हो."

"आणि कुठली म्हणालात?"

मी म्हटलं नव्हतं. पण ती वाट बघत उभी होती, त्या बोटाला धरून, आणि मी सांगितलं. "बावीसची."

तिनं माझे हात हातात घेतले. थँक यू म्हणाली. गाडीत बसली. तिचं घर खोऱ्याकडे आहे, पण गाडी तिकडे वळली नाही. शहराच्या रस्त्याला लागली.

मी अजून पायरीवरच बसून लिहितेय.

नेल्डा